सीआरएममध्ये ‘डेटाबेस फेल्युअर’ येतंय, पण एकाच ताईंना. काय असू शकतं?

मृगबहार | सोमवार, सकाळी ११:५२

नमस्कार मंडळी. वर्धा रोडवर आमचं ठिबक आणि पंपांचं दुकान आहे. काटोल, नरखेड, कळमेश्वर, तिकडे वरुड-मोर्शीपर्यंतचे संत्रा बागायतदार आमचं गिऱ्हाईक. गिऱ्हाइकांच्या नोंदी एका ओपन सोर्स सीआरएममध्ये ठेवतो, पीएचपी भाषा आणि मायएसक्यूएल डेटाबेसवर चालणाऱ्या. मी मूळचा अकाउंट्सचा, पण ऑफिसात कॉम्प्युटरचं त्यातल्या त्यात मलाच कळतं म्हणून हेही माझ्याकडे आहे.

दोन आठवड्यांपूर्वी सर्व्हर बदलला. जुन्यावर मायएसक्यूएल ५.६ होतं, नव्यावर ८.० आहे. तेव्हापासून ‘शेतभेट’ मॉड्यूलमध्ये नोंद सेव्ह करताना पांढऱ्या पानावर एकच ओळ येते: ‘डेटाबेस फेल्युअर. प्लीज रेफर टू लॉग फॉर डिटेल्स.’ बाकी काहीच नाही.

आमच्याकडे चौघी जणी फोनवर असतात. तिघींचं सगळं सेव्ह होतं. एका ताईंचं दिवसातून पंधरा-वीस वेळा अडतं. त्यांचं मशीन बदललं, ब्राउझर बदलला, कॅश साफ केला, नवीन लॉगिन बनवून दिलं. फरक शून्य. आता मालक म्हणून राहिले की ताईच काहीतरी उलटंसुलटं दाबत असतील. सहा वर्षांपासून त्या इथे आहेत, सगळ्यात जास्त शेतकरी त्यांनाच नावानिशी ओळखतात. शनिवारी त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला हे मनापासून सोडवायचं आहे. कुठून सुरुवात करू?

गोधनी_लोकल | सोमवार, दुपारी १२:१०

अ‍ॅडमिनमध्ये जाऊन ‘रिपेअर अँड रीबिल्ड’ चालवलं का? खाली काही फरक दाखवला तर एक्झिक्यूट दाबून द्या. नाहीतर फोल्डरच्या परमिशन बघा, ७७७ केल्या की बरेचदा चालतं.

सीताबर्डीकर | सोमवार, दुपारी १२:२५

५.६ वरून ८.० म्हणजे स्ट्रिक्ट मोड, रकान्यात न बसणारा डेटा सरळ नाकारणारी सेटिंग. ५.७ पासून तो आपोआप चालू असतो आणि जुनी सॉफ्टवेअरं त्यावर अडतात. कॉन्फिग फाइलमधल्या एसक्यूएल मोडमधून ‘स्ट्रिक्ट ट्रान्स टेबल्स’ काढा, मायएसक्यूएल रीस्टार्ट करा. पाच मिनिटांचं काम. मी तीन ठिकाणी हेच केलं, तिन्ही चालू आहेत.

फुटाळाकाठ | सोमवार, दुपारी १:०५

मृगबहार भाऊ, अजून काहीही बदलू नका. रिपेअर नाही, ७७७ नाही, स्ट्रिक्ट मोडही नाही. ७७७ म्हणजे सर्व्हरवरच्या कुणालाही त्या फोल्डरमध्ये काहीही लिहायची मुभा, आणि डेटाबेसच्या तक्रारीशी त्याचा संबंधच नाही. रिपेअरमधलं एक्झिक्यूट तर वाचल्याशिवाय कधीच दाबायचं नसतं, त्यात टेबलं बदलणाऱ्या आज्ञा असतात.

स्क्रीनवर आलेली ओळ ही एरर नाहीच. ती फक्त ‘आत काहीतरी झालं’ असं सांगते. पडद्यावर मोघम लिहिण्यामागे कारण आहे. पूर्ण क्वेरी (डेटाबेसला दिलेली आज्ञा) दाखवली तर टेबलांची आणि कॉलमांची नावं बाहेरच्या माणसाला आयती मिळतात, आणि आत घुसू पाहणाऱ्याला तेवढंच हवं असतं. म्हणून खरी एरर लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींच्या फाइलमध्ये जाते, आणि तिला एक नंबर असतो. तो नंबर हातात आल्याशिवाय आपण अंधारात चाचपडणार. १०५४ म्हणजे कॉलम सापडत नाही, ११४६ म्हणजे टेबलच सापडत नाही, २००६ म्हणजे सर्व्हरने मधेच कनेक्शन सोडलं, १२०५ म्हणजे दुसऱ्या कुणीतरी ओळ धरून ठेवली आहे. या चारांचे उपाय चार दिशांना आहेत, आणि स्क्रीनवर मात्र चौघांची ओळ एकच.

असं करा. ताईंच्या शेजारी बसा. त्यांना नेहमीसारखी नोंद करू द्या. एरर आली की घड्याळातली वेळ सेकंदासकट कागदावर लिहा, मग लॉगमध्ये ती वेळ शोधा. सापडली नाही तर घाबरू नका. सर्व्हरचं घड्याळ बरेचदा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. दुपारी २ ची एरर तिथे सकाळी ८:३० ला दिसेल. इथे किती जण फसतात आणि ‘लॉगमध्ये काहीच नाही’ म्हणून परत येतात, ते मी बघितलंय.

मृगबहार | सोमवार, दुपारी ३:४०

फुटाळाकाठ ताई, सापडलं! तुम्ही साडेपाच तासांचं सांगितलं नसतं तर मीही हातच टेकले असते. २:५० ची एरर लॉगमध्ये ९:२० ला आहे. ओळ अशी:

‘मायएसक्यूएल एरर १३६६: इनकरेक्ट स्ट्रिंग व्हॅल्यू: ई० ए४ ९५ ई० ए४ बीई... फॉर कॉलम तालुका अ‍ॅट रो १’

हे ई०, ए४ काय आहे? ताईंनी असलं काही टाइप केलेलं नाही, मी समोर होतो.

फुटाळाकाठ | सोमवार, दुपारी ३:५५

टाइप केलंय, आणि बरोबर केलंय.

कॉम्प्युटर अक्षरं आकड्यांत, म्हणजे बाइटमध्ये साठवतो. युनिकोड या जागतिक अक्षरयादीतलं देवनागरी अक्षर युटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइट घेतं, आणि त्यातला पहिला बाइट ई० असतो. ‘ई० ए४ ९५’ म्हणजे ‘क’. ‘ई० ए४ बीई’ म्हणजे काना. तुमच्या लॉगमध्ये चक्क ‘का’ लिहिलेलं आहे. पुढचं मायएसक्यूएलने टिंबं देऊन तोडलं.

ताई तालुक्याच्या रकान्यात ‘काटोल’ मराठीत लिहितात का? आणि बाकीच्या तिघी इंग्रजी अक्षरांत?

मृगबहार | सोमवार, दुपारी ४:०२

हो!! अंगावर काटा आला वाचून.

त्या एकट्याच मराठीत लिहितात. बाकीच्या ‘केएटीओएल’ अशी अक्षरं मारतात आणि शेराही इंग्रजी अक्षरांत दोन शब्दांत संपवतात. ताई लिहितात, ‘बागेला ताण दिला आहे, पाणी सोडल्यावर फोन करा’, ‘डिंक्या दिसतो, धाकटा भाऊ बघतो, त्याच्याशी बोला’. अशा शेऱ्यांमुळेच तर पुढचा फोन नीट होतो.

फुटाळाकाठ | सोमवार, दुपारी ४:१०

आता त्या टेबलवर ‘शो क्रिएट टेबल’ चालवा आणि शेवटची ओळ इथे टाका. सोबत सीआरएमचं दुसरं एखादं टेबलही बघा.

मृगबहार | सोमवार, दुपारी ४:३१

शेतभेटीच्या टेबलखाली ‘डिफॉल्ट कॅरॅक्टर सेट लॅटिन१’ आहे. गिऱ्हाइकांच्या मुख्य टेबलखाली ‘युटीएफ८एमबी४’. म्हणजे गिऱ्हाइकाचं नाव मराठीत चालतं आणि त्याचा तालुका चालत नाही?

उमरेडकर | सोमवार, सायंकाळी ५:१५

हे कुठून आलं ते मी सांगतो, आमच्याकडेही होतं. कॅरॅक्टर सेट म्हणजे टेबलात कोणती अक्षरं बसतील ते. लॅटिन१ मध्ये रोमन अक्षरं बसतात, देवनागरी नाही; युटीएफ८एमबी४ मध्ये देवनागरीही बसते. मायएसक्यूएल ५.७ पर्यंत सर्व्हरचा मूळ कॅरॅक्टर सेट लॅटिन१ असायचा, कोलेशन (अक्षरांचा क्रम लावायचा नियम) ‘लॅटिन१ स्वीडिश’. मायएसक्यूएल स्वीडनच्या कंपनीत जन्मलं, ही तिथली खूण. ८.० पासून मूळ सेट युटीएफ८एमबी४ झाला. सीआरएम स्वतः टेबल बनवतं तेव्हा सेट लिहून बनवतं, म्हणून त्याची टेबलं बरोबर असतात. कुणी माणसाने पीएचपी-मायअ‍ॅडमिनमधून हाताने टेबल बनवलं आणि सेट निवडला नाही, तर गपचूप लॅटिन१ मिळायचं. आणि डंप (डेटाबेसची पूर्ण प्रत) काढून नव्या सर्व्हरवर चढवला तरी जुना सेट सोबतच येतो, कारण तो डंपमध्ये लिहिलेला असतो. तुमचं ते टेबल कुणी हाताने बनवलंय का?

मृगबहार | सोमवार, सायंकाळी ५:४०

चार वर्षांपूर्वी एका व्हेंडरने सीआरएम हलवलं होतं, तेव्हा हे एक टेबल चढत नव्हतं म्हणून त्यांनी हाताने बनवलं, एवढं आठवतं. ते आता संपर्कात नाहीत.

सीताबर्डीकर | सोमवार, सायंकाळी ६:०५

कारण कळलं, छान. पण उद्या सकाळी चौघींना काम करायचंय. आजच्या पुरता स्ट्रिक्ट मोड बंद करा, एरर थांबेल, टेबल सवडीने दुरुस्त करा. जुन्या सर्व्हरवर स्ट्रिक्ट नव्हतं तेव्हा हेच टेबल चार वर्षं चाललं ना?

फुटाळाकाठ | सोमवार, सायंकाळी ६:२०

सीताबर्डीकर दादा, तुमच्या अनुभवाचा मला आदर आहे, पण इथे मी हात जोडून नाही म्हणते. ‘चाललं’ म्हणजे काय झालं ते आधी बघू या.

स्ट्रिक्ट मोड नसला की मायएसक्यूएल न बसणारं अक्षर नाकारत नाही. त्याच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवतं, एक वॉर्निंग देतं आणि पुढे जातं. ती वॉर्निंग कुणापर्यंत पोचत नाही. स्क्रीनवर ‘सेव्ह झालं’ दिसतं.

मृगबहार भाऊ, मन घट्ट करा आणि ताईंच्या जुन्या, सर्व्हर बदलायच्या आधीच्या नोंदी उघडा. तालुका आणि शेरा दोन्ही बघा. प्रश्नचिन्हं किंवा कचरा दिसला तर त्या रकान्यावर ‘हेक्स’ फंक्शन चालवा, ते आत साठलेले बाइट दाखवतं. तीनपैकी एक उत्तर येईल. ‘ई० ए४’ आलं तर अक्षरं आत शाबूत आहेत, फक्त दाखवण्यात गोंधळ आहे. ‘सी३ ए० सी२ ए४’ असं आलं तर तेच बाइट दोनदा गुंडाळले गेलेत, पडद्यावर ते ‘ए’वर मात्रा आणि चलनाच्या चिन्हांसारखा कचरा दिसतं, पण उलटं फिरवून मूळ मराठी परत मिळते. आणि नुसतं ‘३एफ ३एफ ३एफ’ आलं तर ती खरीखुरी प्रश्नचिन्हं आहेत. त्या रकान्यात आता मूळ अक्षर राहिलेलं नाही.

मृगबहार | सोमवार, रात्री ९:१८

३एफ.

उशिरापर्यंत ऑफिसात बसून मोजलं. २,३१० नोंदी. तालुका प्रश्नचिन्हं, गाव प्रश्नचिन्हं, शेरा प्रश्नचिन्हं. मधे मधे फोन नंबर आणि तारखा तेवढ्या नीट आहेत, कारण ते आकडे इंग्रजी होते. जुने बॅकअप उघडले, त्यातही तेच.

ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, ‘मला वाटायचं जुन्या नोंदी मुद्दाम लपवतात, म्हणून मी विचारलंच नाही.’ सर्व्हर बदलला नसता तर अजून किती वर्षं हे चालू राहिलं असतं?

सीताबर्डीकर | सोमवार, रात्री १०:०२

भाऊ, माझा सल्ला चुकीचा होता. तुम्ही आज तो ऐकला असता तर उद्यापासूनच्या नोंदीही गेल्या असत्या. मी ज्या तीन ठिकाणी स्ट्रिक्ट बंद केला होता तिथे आत्ता लॉगिन करून बघितलं. दोन ठिकाणी सगळं इंग्रजीच आहे. तिसऱ्या ठिकाणी पत्त्याच्या रकान्यात प्रश्नचिन्हं आहेत. उद्या सकाळीच त्यांना सांगणार आहे.

फुटाळाकाठ | सोमवार, रात्री १०:४०

दादा, हे इथे उघड लिहिलंत, मनापासून आभार. त्यांचंही बघू आपण.

मृगबहार, बॅकअपमध्ये नसणारच, कारण अक्षर लिहितानाच गेलं. पण अजून तीन जागा आहेत. एक, सीआरएमचं ऑडिट टेबल. ज्या रकान्यांना ऑडिटची टिक आहे त्यांचे बदल त्यात ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे साठतात. ते टेबल सीआरएमने बनवलं असेल तर युटीएफ८ मध्ये असेल, आणि ‘नंतर’च्या कॉलममध्ये मूळ मराठी जशीच्या तशी असू शकते. दोन, जुन्या सर्व्हरची बायनरी लॉग, म्हणजे डेटाबेसमधल्या बदलांची नोंद. ५.६ मध्ये ती चालू केलेली असेल तर मूळ पद्धत स्टेटमेंटची होती, म्हणजे आलेली क्वेरीच अक्षरशः लिहिलेली. तीन, स्लो क्वेरी लॉग, म्हणजे जास्त वेळ घेणाऱ्या क्वेरींची नोंद, त्यातही पूर्ण क्वेरी असते. म्हणून जुना सर्व्हर कृपा करून फॉरमॅट करू नका.

आणि आधी आजची गळती थांबवा. टेबलचा सेट लॅटिन१ वरून युटीएफ८एमबी४ करायचा आहे. टेबलची प्रत काढून प्रतीवर करून बघा, मग खऱ्यावर. आज्ञेत ‘कन्व्हर्ट टू कॅरॅक्टर सेट’ असंच हवं. नुसतं ‘डिफॉल्ट कॅरॅक्टर सेट’ लिहिलं तर पुढे जोडल्या जाणाऱ्या कॉलमांना नवा सेट मिळतो, असलेले कॉलम जुन्यावरच राहतात.

मृगबहार | मंगळवार, सकाळी ८:३५

प्रतीवर कन्व्हर्ट चालवलं. नवीन एरर, १११८: ‘रो साइज टू लार्ज’, आणि ६५,५३५ असा आकडा. काऊन? टेबलमध्ये तर एवढा मोठा मजकूर कुठेच नाही.

उमरेडकर | मंगळवार, सकाळी ९:१०

मजकुरावर नाही, ऐपतीवर मोजतं ते. ‘व्हारकॅर २५५’ म्हणजे २५५ अक्षरं. लॅटिन१ मध्ये एका अक्षराला एक बाइट, वर लांबी लिहायला एक, झाले २५६. युटीएफ८एमबी४ मध्ये एका अक्षराला चारपर्यंत बाइट धरावे लागतात, वर दोन, झाले १,०२२. सगळे कॉलम मिळून एका ओळीची कमाल मर्यादा ६५,५३५ बाइट. म्हणजे असे ६४ कॉलम बसतात, पासष्टावा नाही. तुमचे किती?

मृगबहार | मंगळवार, सकाळी ९:२२

७१. सगळे २५५ चे. मोबाइल नंबरसुद्धा २५५, पिनकोडसुद्धा.

उमरेडकर | मंगळवार, सकाळी ९:३०

म्हणजे ७२,५६२ लागतात. मोबाइल २०, पिनकोड १०, गाव-तालुका १०० करा. शेऱ्यांचे जे लांब रकाने आहेत ते ‘टेक्स्ट’ करा, ते या मर्यादेत जवळपास मोजले जात नाहीत. कमी करण्याआधी प्रत्येक कॉलममधली सर्वात लांब नोंद किती आहे ते ‘कॅरलेंग्थ’ने बघून घ्या. आणि हाच बदल सीआरएमच्या फील्ड व्याख्येतही करा. नाहीतर पुढे कुणी रिपेअर चालवलं की ते परत २५५ करायला सांगेल, आणि एक्झिक्यूट दाबणारा कुणीतरी असतोच.

मृगबहार | मंगळवार, रात्री ११:०५

झालं. प्रतीवर दोनदा करून बघितलं, दुकान बंद झाल्यावर खऱ्या टेबलवर केलं. ताई मुद्दाम थांबल्या होत्या. पहिली नोंद त्यांनीच केली: ‘काटोल. ताण तोडला. ठिबकच्या नळ्या बदलायच्या, दोन एकर.’ सेव्ह. मी हेक्स चालवून दाखवलं, ई० ए४ ९५. त्यांनी विचारलं हे काय, मी म्हटलं हा तुमचा ‘क’.

ऑडिट टेबलमधून ६४० नोंदींचे तालुके आणि शेरे निघाले. जुन्या सर्व्हरवर बायनरी लॉग बंद होती, स्लो लॉगमध्ये हाताशी काही लागलं नाही. उरल्या १,६७०.

फुटाळाकाठ | मंगळवार, रात्री ११:३०

एक गोष्ट कालपासून डोक्यात घोळते आहे. देवनागरीच्या प्रत्येक युनिकोड चिन्हाच्या जागी एकच प्रश्नचिन्ह बसलंय. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं. म्हणजे प्रश्नचिन्हांची संख्या ही शब्दाची मोजणी आहे, आणि शब्दांमधल्या मोकळ्या जागा तशाच राहिल्यात.

नागपूर जिल्ह्यात १४ तालुके. ‘भिवापूर’ मोजा: भ, वेलांटी, व, काना, प, ऊकार, र. सात. सात प्रश्नचिन्हांचा दुसरा तालुका जिल्ह्यात नाही. आठ म्हणजे कळमेश्वर किंवा पारशिवनी. सहा म्हणजे सावनेर, हिंगणा, रामटेक, आणि तुमच्याकडे मोर्शीही. चार म्हणजे मौदा, कुही किंवा वरुड. पाच सगळ्यात अवघड: काटोल, नरखेड, उमरेड, कामठी. पण पिनकोड तर आकड्यांत शाबूत आहे ना? संख्या आणि पिनकोड जुळवा, तालुका बहुतेक ठिकाणी नक्की होईल. लगेच मूळ रकान्यात भरू नका, शेजारी ‘अंदाजे तालुका’ असा वेगळा रकाना घ्या.

गोधनी_लोकल | बुधवार, सकाळी ७:५०

बाप्पा! ताई, हे मला कधीच सुचलं नसतं. मृगबहार भाऊ, जुळवायची छोटी स्क्रिप्ट मी लिहून देतो, आज सुट्टीच आहे. ७७७ चं मागे घेतो.

मृगबहार | शुक्रवार, सायंकाळी ७:१५

गोधनी भाऊंच्या स्क्रिप्टने १,६७० पैकी १,४०० च्या वर तालुके लागले. शेऱ्यांचं मात्र मोजणीने काही होत नव्हतं, आणि आमचं खरं भांडवल तेच होतं.

काल ताईंनी घरून पिशवी आणली. आत पाच लाँगबुक वह्या. प्रत्येक फोनची तारीख, नंबर आणि दोन ओळी, निळ्या शाईत. कॉम्प्युटरवर भरवसा वाटत नव्हता म्हणून पहिल्या वर्षापासून लिहून ठेवत आल्या. फोन नंबरवरून नोंद सापडते, तारखेवरून शेरा. बाकीच्या तिघी दुपारी एकेक तास टाइप करून राहिल्या, आणि आता मराठीतच. मालकांनी सगळ्यांसमोर ताईंची माफी मागितली.

आज संध्याकाळपर्यंत ३८० शेरे परत चढले. एका वहीला मागच्या वर्षी पाणी लागलं होतं, त्यातली काही पानं वाचता येत नाहीत. त्या शेतकऱ्यांना ताई सोमवारपासून फोन करणार आहेत.

सीताबर्डीकर | शुक्रवार, रात्री ८:४०

माझ्या त्या तिसऱ्या गिऱ्हाइकाकडे ऑडिटमध्ये जवळजवळ सगळे पत्ते मिळाले. टेबल उद्या रात्री बदलतोय, ६० कॉलम आहेत, बसतील. स्ट्रिक्ट मोड परत चालू केला आहे.